पोरीला जीपीएसचं घड्याळ घेऊन द्यावं का?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. वय ४८, शेतात कपाशी आणि मका. मुलगी २० वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळते. तिने जीपीएसचं घड्याळ मागितलं आहे. किंमत २४ हजार, "म्हणजे तीन क्विंटल कापूस", असं ते लिहितात. दुकानदार सहा हप्ते करून द्यायला तयार आहे. अकॅडमीतल्या चार-पाच मुलींच्या हातात तसं घड्याळ आहे. तिच्या आईचं मत 'घ्यायचं', कारण "पोर कोठे शे, हाई दिसी ना त्यामा?" मुलगी म्हणते, पप्पा, तुम्हीपण घालत जा, बीपी कळेल. वडिलांचा प्रश्न असा: ही गरज आहे की नुसती हौस? नाही म्हटलं तर पोरीचं मन मोडतं, हो म्हटलं तर पेरणीच्या तोंडावर हात आखडतो. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: हल्ली कापसाचं गाठोडं उचललं की छातीत जड होतं, थांबलं की बरं वाटतं, तेही त्या घड्याळात दिसेल का?

भाऊ,

तुम्ही जी ओळ सगळ्यात शेवटी लिहिलीत, तिलाच मी आधी हात घालते. घड्याळाचं नंतर बघू.

कष्टाचं काम करताना छातीत जड होणं आणि थांबल्यावर बरं वाटणं, हे हृदयाला रक्त कमी पोचत असल्याचं लक्षण असू शकतं. असू शकतं म्हणते, आहेच असं नाही. पण ते घड्याळाने ठरवायचं नसतं. या आठवड्यातच एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा आणि मला लिहिलंत तेच वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगा: गाठोडं उचललं की जड होतं, थांबलं की बरं वाटतं. "थोडा थकवा आहे" असं गुळमुळीत सांगू नका. ते ईसीजी काढतील, कदाचित फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालवून तपासतील. तोवर गाठोडी उचलणं बंद. आणि बसल्या जागी जड झालं, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर कुणाची गाडी मिळते का हे शोधत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा.

महाग घड्याळांत ईसीजीची सोय असते हे खरं. पण ते एकाच बाजूने बघतं. दवाखान्यातला ईसीजी १२ बाजूंनी बघतो. घड्याळातली ती सोय ठोक्यांची लय बिघडली आहे का हे हेरण्यासाठी केलेली आहे. हार्ट अटॅक त्यातून ओळखता येत नाही, आणि हे बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच सांगतात. बीपीचंही तसंच. बीपी दाखवणारी बहुतेक घड्याळं मनगटावर उजेड टाकून त्याचा अंदाज करतात, आणि तो अंदाज जुळवायलाही दंडाला पट्टा बांधायचं यंत्र मधूनमधून लागतंच. मग ते यंत्रच का घेऊ नये? दोन हजारांच्या आसपास चांगलं मिळतं. घ्याल तेव्हा दंडाचं घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात हृदयाच्या उंचीवर टेकवा, मोजताना बोलू नका. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल तर औषधाचं बोलणं आलंच. जाता जाता एक, कारण इतर वाचकही विचारतात: सुई न टोचता साखर दाखवणारं घड्याळ कुणी विकत असेल तर घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांविरुद्ध लोकांना उघड सावध केलं आहे. असं एकही घड्याळ त्यांनी मंजूर केलेलं नव्हतं. त्या आकड्यावर इन्शुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतू शकतं.

आता वहिनींचं. त्यांची काळजी मला पुरेपूर कळते. पहाटे पाचला अंधार असतो, रस्त्यावर कुत्री असतात, उसाचे ट्रॅक्टर असतात, आणि आणखी काय काय असतं ते आईला सांगावं लागत नाही. पण 'जीपीएस' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, पोर कुठे आहे ते घरी दिसणार. तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सारखी वेळ सांगत राहतात. घड्याळ ती वेळ ऐकतं, किमान चार उपग्रहांचं ऐकून हिशेब लावतं आणि आपण कुठे आहोत ते स्वतःशी ठरवतं. ते फक्त ऐकतं, बोलत नाही. शेतात रेडिओवर जळगाव आकाशवाणी लावली म्हणून आकाशवाणीला कळतं का, तुम्ही कुठल्या बांधावर बसलात ते? तसंच हे. घड्याळाने ठरवलेली जागा घरी पोचवायची तर फोन लागतो, त्यात नेट लागतं, किंवा मग स्वतःचं सिम असलेलं आणखी महाग घड्याळ लागतं.

म्हणजे वहिनींना जे हवं आहे ते त्या पोरीच्या खिशातल्या फोनमध्ये आजच आहे. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन एक तासासाठी चालू करून निघायचं, झालं. ११२ हा नंबर एका बोटावर लागेल असा ठेवायचा. फोन हातात धरून पळणं अवघड जातं, तर कमरेचा पट्टा दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. आणि माझं ऐकाल तर एकटीने नको. गावात तयारी करणारी आणखी एखादी मुलगी असेलच. दोघी मिळून पळतील तेव्हा जे बळ असतं ते कुठल्या उपकरणात नाही.

यातली एक गोष्ट मात्र तिला आवर्जून सांगा, कारण मुलींनाही ती माहीत नसते. पळण्याचे नकाशे ठेवणारी जी अॅप असतात, त्यांत खातं सगळ्यांना उघडं ठेवलं तर कुणीही बघू शकतो की ही मुलगी रोज किती वाजता, कुठल्या घरापासून, कुठल्या वाटेने निघते. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा अॅपच्या नकाशावरून परदेशातल्या लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या फेऱ्या जगाला दिसल्या होत्या. सैनिकांचं दिसलं, तर आपल्या पोरीचं का नाही दिसणार? खातं फक्त ओळखीच्यांसाठी, आणि घराभोवतीचा भाग झाकलेला. घड्याळ असो, नुसता फोन असो, हे आज रात्रीच करून टाका.

आणि आता तिच्याबद्दल. मी २६ वर्षं क्रीडाशिक्षिका होते, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

भरतीत तिला काय करायचं आहे ते आधी डोळ्यांसमोर आणू. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलींसाठी ८०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण, चार किलोचा गोळा १५ गुण. त्यात निम्मे गुण पडले तरच लेखी परीक्षेचा विचार. धावण्याचे गुण सेकंदावर ठरतात. आता या तिन्हींत जीपीएस तिला काय देतं? गोळ्यात काहीच नाही. १०० मीटरमध्ये जवळजवळ काहीच नाही: घड्याळ साधारण सेकंदाला एक जागा टिपतं, मोकळ्या आभाळाखाली त्या जागेत तीन-चार मीटरची चूक सहज असते, आणि शर्यत संपते पंधरा-सोळा सेकंदांत. तिथे एकेका सेकंदावर गुण आहेत. राहिलं ८०० मीटर. ते मैदानावर गोल गोल फिरून पळायचं असतं आणि घड्याळ वळणावर नेमकं चुकतं, कारण ते ठिपके सरळ रेषेने जोडतं. मैदान जितकं लहान तितकी चूक मोठी. आजकालच्या चांगल्या घड्याळांत उपग्रहांच्या दोन लहरी ऐकायची सोय असते, आपल्या देशाचे 'नाविक' उपग्रहही काहींत असतात, त्याने झाडाखाली आणि उंच इमारतींमध्ये फरक पडतो. शंभर मीटरच्या शर्यतीत नाही.

एकदा पहाटे माझ्या तीन मुली ४०० मीटरची एकच फेरी एकत्र मारून आल्या. तिघींच्या हातात तीन घड्याळं. एकीचं ३९१, दुसरीचं ४०८, तिसरीचं ४२०. खरं कुणाचं यावरून तिघी भांडायला लागल्या. मी कपाटातून ५० मीटरचा टेप काढला आणि त्यांनाच मोजायला लावलं. अर्धा तास गेला. पण त्यानंतर त्या मैदानावर अंतराबद्दल कुणी घड्याळाला विचारलं नाही.

ठोक्यांचीही एक गोष्ट सांगते. मनगटावरचं घड्याळ त्वचेवर हिरवा उजेड टाकतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर तो उजेड किती परत येतो त्यावरून ठोके मोजतं. पट्टा सैल असला, हात जोरात हलला की गफलत होते. मार्च महिन्यात एका मुलीच्या घड्याळात मिनिटाला १८२ दिसत होते, आणि ती तर माझ्याशी गप्पा मारत पळत होती! मी तिला थांबवलं, मानेच्या कडेला दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजले. ३५ ठोके. म्हणजे १४०. घड्याळ तिच्या पावलांची लय हृदयाची समजून मोजत होतं. हे बऱ्याच घड्याळांत होतं. छातीला बांधायचा पट्टा हृदयाची वीज मोजतो, तो याहून कितीतरी भरवशाचा. (वहिनींच्या मनगटावर गोंदण असेल आणि त्यांनी हौसेने घालून पाहिलं, ठोके आलेच नाहीत, तर घाबरू नका. गोंदणाची शाई तो उजेड अडवते.)

त्यातून आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये खानदेशात पारा ४३-४४ च्या वर जातो, पहाटेही हवा नुसती तापलेली असते. शरीराला थंड राहायचं असतं म्हणून रक्त कातडीकडे वळतं, आणि त्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. घड्याळ वेग आणि ठोके यांची सांगड घालून फिटनेसचा आकडा काढतं. बरीचशी घड्याळं उन्हाचा हिशेब धरत नाहीत. ज्यांत ती सोय आहे त्यांनाही हवामान फोनकडून घ्यावं लागतं. मग मे महिन्यात ते पोरीला सांगतं, तुझी तब्येत घसरते आहे. ती बिचारी घाबरून दुप्पट पळते. माझ्या एका मुलीने असंच केलं आणि नडगीच्या हाडाला सूज घेऊन महिनाभर घरी बसली. आकडा खोटा नव्हता, त्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस वेग कमी ठेवायचा, पाण्यात मीठ-साखर-लिंबू, आणि घड्याळाकडे बघायचंच नाही.

मग घड्याळ अगदीच निरुपयोगी का? तसं मी म्हणणार नाही. लांब पल्ला पळणाऱ्याला, पाच-दहा किलोमीटर आणि त्यापुढे, ते खूप कामाचं आहे. आजचं पळणं हलकं ठेवायचं असेल तर वेग वाढला की मनगटावर थरथरतं आणि आवरतं. रोज सकाळी झोपेतून उठतानाचे ठोके नेहमीपेक्षा आठ-दहा जास्त यायला लागले तर शरीर थकलंय किंवा ताप येतोय हे आधी कळतं. पुढे तिला पळण्याचीच गोडी लागली, तर सात-आठ हजारांचं साधं जीपीएस घड्याळ जरूर घ्या. २४ हजारांच्या घड्याळात जे जास्तीचं असतं ते डोंगरात फिरणाऱ्यांसाठी, पोहणाऱ्यांसाठी, फोनशिवाय गाणी ऐकणाऱ्यांसाठी. तीन मिनिटांच्या शर्यतीसाठी नव्हे.

आणि एक गोष्ट कुठल्याच घड्याळाला दिसत नाही, ती म्हणजे तिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्ताची कमतरता आढळली. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल तर पोरगी कितीही पळो, दुसऱ्या फेरीत पाय जड होणारच. मी मैदानावर अशा मुली पाहिल्यात. त्यांना आळशी म्हणून बोलणी बसली होती. तुमचा डॉक्टरांकडे जायचा दिवस ठरला की तिलाही बरोबर न्या आणि सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करून घ्या, दोन-तीनशे रुपयांचं काम. पाळी लांबते का, चुकते का, हे वहिनींनी तिला मोकळेपणाने विचारावं. पळणं वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं तर पाळी थांबू शकते, आणि मग हाडंही कमजोर होतात. रात्री एक चतकोर जास्तीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळ, चालत असतील तर रोज दोन अंडी. अभ्यासिकेतून रात्री अकराला येऊन पहाटे साडेचारला उठत असेल तर झोपेचा वेळ आधी वाढवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, गरज की हौस. मला विचाराल तर हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवू या. पहाटे साडेचारला गजर लावून अंधारात निघणारी पोरगी हौशी नसते. अकॅडमीत चार जणींच्या हातात ते घड्याळ बघून तिला वाटलं असेल, यांच्या घरचे यांच्या तयारीकडे लक्ष देतात. तिला घड्याळ हवंच आहे. पण त्याहून जास्त तिला हे कळायला हवं आहे की तुम्ही तिच्या भरतीला खरंच धरून चालला आहात. "परवडत नाही" एवढंच म्हणून उठलात तर ती गप्प बसेल, आणि तिच्या मनात 'नाही' हे घड्याळाला नाही, भरतीला म्हटलं गेलं असं राहील.

म्हणून तिला समोर बसवून विचारा: तुझी ८०० मीटरची आजची वेळ किती? पहिली फेरी किती सेकंदांत, दुसरी किती? बहुतेक तिला नेमकं सांगता येणार नाही, कारण ती डांबरी रस्त्यावर अंदाजाने पळते आहे. तिथूनच पुढचं बोलणं सुरू होईल. तिच्या हातात वही द्या, १० हजारांचं अंदाजपत्रक तिलाच करू द्या. पळायचे चांगले बूट अडीच-तीन हजारांत येतात, आणि डांबरावर पळणाऱ्या पायांना ते सगळ्यात आधी हवेत. दहा फेऱ्यांची वेळ लक्षात ठेवणारं स्टॉपवॉच पाचशेच्या आत. तुमचं बीपीचं यंत्र. सरावाचा चार किलोचा गोळा. रक्ततपासणी. उरलेले खुराकाला. हप्ते नकोत, पेरणीआधी डोक्यावर सहा हप्ते घेऊन कपाशीचं बियाणं आणायला जाणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि येत्या रविवारी सकाळी मुख्याध्यापकांना विचारून शाळेच्या मैदानावर तिला २०० मीटरची फेरी आखून द्या. साधारण ८० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद जागा लागेल. मधे ४० मीटरच्या अंतरावर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला १९ मीटर १० सेंटिमीटर दोरी बांधून बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ फिरवा, आणि दोन्ही अर्धवर्तुळांची टोकं ४० मीटरच्या दोन सरळ रेषांनी जोडा. दोरी सुताची नको, ती ताणते. तार किंवा टेप घ्या. टेपचं एक टोक वहिनींच्या हातात द्या. रेषेवर फक्की मारा आणि तिला रेषेवरूनच पळायला सांगा. चार फेऱ्या झाल्या की ८०० मीटर. तीन मिनिटांत संपवायचं असेल तर प्रत्येक फेरी ४५ सेकंदांत यायला हवी. पहिली ३८ सेकंदांत आली तर ती फार जोरात सुटली आहे आणि तिसऱ्या फेरीत याची भरपाई करणार आहे. हे तिला स्वतःच्या पायांत कळेपर्यंत तुम्ही दर फेरीला मोठ्याने सेकंद सांगत उभे राहा. सगळ्या मुली तिसऱ्या फेरीत ढेपाळतात, तेव्हा ती एकच फेरी सुधारायची, बाकीच्या नाही. पंधरा दिवसांतून एकदाच पूर्ण ८०० मीटर जोर लावून, आणि एरवी आठवड्यातून दोन दिवस गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने तीन-चार किलोमीटर.

२०२४ च्या भरतीची मैदानी चाचणी जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली होती. तेव्हा पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवरही तिला एक-दोनदा पळू द्या, सावकाश. फक्की पावसात धुऊन जाते, म्हणून दोन्ही खुंट्यांच्या जागी आणि सुरुवातीच्या खुणेवर एकेक दगड पुरून ठेवा.